मांस रुसलं त्या दिवशी

क्लिओटिस मेब्रीला आपल्या आईच्या दफनाला जाता आलं नाही, कारण दफनानंतरच्या जेवणाचं मांस त्याच्या भट्टीत होतं. मुलगी डार्नेटा जन्मली तेव्हाही तो भट्टीपाशीच होता, आणि दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेला तो अंगाला हिकरीच्या लाकडाच्या धुराचा इतका वास घेऊन की नर्सने त्याला बाळाला हात लावू दिला नाही. कॅन्सस सिटीच्या पूर्व भागात या गोष्टी लोक कौतुकाने सांगायचे. असल्या कौतुकाने माणूस बिघडतो. पण ते त्याला सांगणार कोण? ज्याच्या त्याच्या तोंडात मेब्रीच्या हातचा घास असायचा.

प्रॉस्पेक्ट अव्हेन्यूवर त्याचं दुकान होतं, मामाकडून आलेलं. पुढे काचेची खिडकी, आत मोजकी टेबलं आणि मागे विटांची भट्टी. तिच्या आतल्या भिंतींवर मामाच्या काळापासूनची चरबी आणि काजळी साचलेली. मामाने भाच्याला शिकवलं ते एवढंच: भट्टीचं दार सारखं उघडायचं नाही आणि विस्तव सोडून जायचं नाही. मेब्रीने हे दोन नियम अख्ख्या आयुष्यालाच लावून टाकले. बोलणं त्याच्या स्वभावात नव्हतं. शेजारी कुणी आजारी पडलं की याच्याकडून डबा जायचा, कुणी गेलं की मोठा ट्रे जायचा. डार्नेटाचं लग्न ठरलं तेव्हा तिला बापाची मिठी मिळाली नाही, सबंध ब्रिस्केट मिळालं. ब्रिस्केट म्हणजे बैलाच्या छातीचा तुकडा, निबर आणि हट्टी. त्याला मंद धुरावर दिवसभर ठेवलं तरच तो माणसात येतो.

या तुकड्याची चरबीची कडा जळून काळी होते. मामाच्या वेळी ती कापून बाजूला सारायचे, आणि रांगेत ताटकळणाऱ्यांपुढे पावाच्या कापावर फुकट ठेवायचे. पुढे शहरातल्या पैसेवाल्या लोकांना त्या जळक्या टोकांचा शोध लागला आणि फुकटची वस्तू दरांच्या पाटीवर सगळ्यात वर जाऊन बसली. मेब्रीच्या जळक्या टोकांचं नाव झालं ते मात्र त्याच्या बायकोच्या पाकामुळे. काकवी, ब्राऊन शुगर, व्हिनेगर, लाल तिखट आणि बऱ्यापैकी व्हिस्की.

ओझेला मेब्री न्यू हेब्रॉन चर्चमध्ये पांढरे हातमोजे घालून लोकांना जागेवर बसवायची. दारूच्या थेंबाला शिवायची नाही. व्हिस्की आणायची वेळ आली की नवऱ्याला म्हणायची, "बाटली तू आण. मी गाडीत खाली वाकून बसते. पास्टरबाईंनी पाहिलंच तर तुला पाहतील."

"आणि पाक कुणाचा म्हणून सांगू?"

"पाक माझा, बाटली तुझी. देवाला दिसतंय की ती कढईत जाते, माझ्या घशात नाही."

कढईत व्हिस्की ओतली की भप्पकन जाळ उठायचा आणि ही मागे सरून दोन्ही हात वर करायची, चर्चमध्ये करतात तसे. मेब्री हसायचा. तो हसतो हे फार थोड्यांना ठाऊक होतं.

तिचा एकच दंडक होता. ब्रिस्केट अर्ध्यावर आलं की रुसतं. आतलं पाणी वर येतं, त्याला घाम फुटतो, आणि तापमानाचा काटा तासन् तास हलायचं नाव घेत नाही. घाईतले लोक अशा वेळी ते फॉइलमध्ये गुंडाळतात, मग ते लवकर शिजतं. भट्टीवाले या युक्तीला कुबडी म्हणतात. पण गुंडाळलं की वरची काळी, खरपूस साल मऊ पडते. ओझेला नाक मुरडायची. "स्वतःच्याच घामात उकडलेलं आहे ते. असलं काही माझ्या पाकात बुडवायचं नाही हं, मेब्री." मेब्रीने आयुष्यात कधी गुंडाळलं नाही.

मग तिला स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला. औषधं झाली, दवाखाने झाले, आणि शेवटी तिला हॉस्पिसमध्ये ठेवलं. तिथून बरं होऊन घरी कुणी येत नाही. डार्नेटा नोकरीवरून रजा घेऊन तिच्याजवळ राहिली. मेब्री दुकान बंद करून रोज जायचा आणि दाराजवळच्या खुर्चीत टोपी मांडीवर घेऊन बसायचा.

"जेवलीस?"

"नाही."

"बरं."

संभाषण संपलं. तिला अन्नाचा वाससुद्धा सहन होत नव्हता, त्यामुळे तो डबा नेऊ शकत नव्हता. आणि डब्याशिवाय माणसाकडे कसं जायचं हे त्याला येत नव्हतं. थोडा वेळ टोपी फिरवून तो उठायचा.

एका शनिवारी, दुकान नुकतंच उघडलं होतं तेव्हा, डार्नेटाचा फोन आला. आवाजात कित्येक दिवसांनी जीव होता.

"डॅडी, मम्मा उठून बसलीय! केस विंचरून घेतले माझ्याकडून. पास्टरची नक्कल करून दाखवली. आणि म्हणते, मेब्रीला सांग, जळकी टोकं हवीत."

"खाईल ती?"

"मागतेय ना! नर्स म्हणाली, शेवटी शेवटी असा एखादा दिवस येतो. एकच येतो, डॅडी. काय असेल ते घेऊन आत्ता ये."

"आत्ता काही नाही. कालचं सगळं संपलं. पहाटे लावलंय ते व्हायचंय."

"मग रिकाम्या हाताने ये."

"होईल दुपारपर्यंत," मेब्री म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

त्या दिवशी त्याने मांस होण्याची वाट पाहणाऱ्या रांगेतल्या कुणाकडे पाहिलं नाही. भट्टीतल्या तुकड्यांतला सर्वांत चांगला त्याने मनात निवडून ठेवला आणि पाक स्वतः करायला घेतला. इतकी वर्षं तो ओझेलाला पाक करताना बघत आला होता, पण हात कधी लावला नव्हता; ती आजारी पडल्यापासून दुकानात टोकं बिनपाकाचीच जात होती. व्हिस्की ओतली, जाळ उठला, भुवया होरपळल्या. मांस कापणारा होझिया, मामाच्या वेळेपासूनचा सोबती, दारातून म्हणाला, "पाक करतोयस की दुकान पेटवतोयस, भाऊ?" दोघंही हसले. मेब्रीने चमचा चाटला. काहीतरी कमी होतं, काय ते कळेना. विचारायचं तिलाच, आणि नेमकी तीच तिकडे वाट पाहत होती.

दुपार झाली आणि मांस रुसलं.

मेब्रीने काटा पाहिला, लाकूड घातलं, पुन्हा पाहिला. काटा तिथेच. होझियाने फॉइलची गुंडाळी आणून त्याच्यासमोर टेबलावर आपटली.

"गुंडाळ."

"नाही."

"अरे, बाई मरतेय तुझी! सालीचं काय घेऊन बसलास?"

"तिला कळेल."

"कळू दे की! दोन शिव्या घालील. शिव्या घालायला तरी जिवंत असेल."

मेब्रीने पाठ फिरवून विस्तवात आणखी एक लाकूड सारलं. होझियाने रागाने एप्रन काढून टाकला, पुन्हा बांधला आणि पुढे रांगेकडे गेला. तो खरं बोलला होता आणि मेब्रीला ते कळत होतं. पण ओझेलाने मागितलेली ही शेवटची गोष्ट, ती मोडकीतोडकी न्यायची? आणि याच्याही खाली आणखी एक गोष्ट होती, ती त्याने कुणाला सांगितली नसती. त्याला भीती वाटत होती. बायको शुद्धीत आहे, हसते आहे, बोलते आहे, आणि आपण समोर बसून बोलायचं काय? ट्रे हातात असला म्हणजे निदान तो पुढे करता येतो.

फोन पुन्हा वाजला. "डॅडी, ती विचारतेय कुठवर आलास."

"रुसलंय. तिला सांग, रुसलंय. तिला कळतं."

"खाणं राहू दे म्हणते. नुसता ये म्हणते."

"सुटेल आता."

"डॅडी, ऐकतोयस का तू? तिला तू हवा आहेस."

"अगं, सुटेलच आता," मेब्री म्हणाला. त्याचा आवाज इतका अजिजीचा होता की पलीकडे डार्नेटाने फोन ठेवून दिला.

सुटलं ते ऊन उतरल्यावर. मेब्रीने चरबीचा भाग वेगळा केला, चौकोनी तुकडे पाडले, पाकात घोळवले आणि पाक चिकटेपर्यंत पुन्हा धुरात ठेवले. घाईतही त्याने एक पायरी गाळली नाही. बाहेर काढले तेव्हा ते तुकडे काळेभोर, चकचकीत, बोटाने दाबले तर थलथलणारे झाले होते. आयुष्यात इतके चांगले त्याचे कधी झाले नव्हते. ट्रे टॉवेलात बांधून तो धावतच गाडीकडे गेला.

हॉस्पिसच्या खोलीत दिवा मंद केला होता. ओझेला उशीवर मान टाकून पडली होती. केस नीट विंचरलेले, तोंड अर्धवट उघडं, श्वास मध्येच थांबून पुन्हा सुरू होणारा. डार्नेटा उठली नाही.

"झोपलीय?"

"झोप नाही ही, डॅडी. नर्स म्हणते आता उठणार नाही."

"कधीपासून?"

"तुझा निरोप सांगितला ना, रुसलंय म्हणून, तेव्हा खूप हसली. म्हणाली, उभा असेल भट्टीचं दार बंद करून, असू दे. मग म्हणाली, जरा पडते, तो आला की उठव." डार्नेटाने तोंड पुसलं. "मी उठवत होते. किती वेळ उठवत होते."

मेब्रीने टॉवेल सोडला. खोलीभर धुराचा आणि काकवीचा गोड वास पसरला. त्याने करंगळी पाकात बुडवली आणि ओझेलाच्या खालच्या ओठाला लावली. ओठ हलला नाही. पाक ओघळून हनुवटीवर आला. त्याने तो रुमालाने पुसला आणि पुन्हा लावला.

"पुरे ना, डॅडी," डार्नेटा म्हणाली. तिने त्याच्या हातातून ट्रे काढून घेतला आणि बाहेर नेला. थोड्या वेळाने व्हरांड्यातून नर्सबायकांचे आवाज आले. काय सुंदर झालंय हो, कुणाच्या दुकानातलं? एकीने दारातून डोकावून त्याला आपल्या जन्मात असं खाल्लं नव्हतं म्हणून सांगितलं. मेब्रीने मान हलवली. हात रिकामे होते आणि ते कुठे ठेवावे हे त्याला कळत नव्हतं. शेवटी त्याने खुर्ची दारापासून ओढून तिच्या उशाशी आणली.

"ओझेला," तो म्हणाला. "आज साल छान धरलीय. पाक मी केला. काहीतरी कमी पडलंय बघ."

त्याला दुसरंच काही सांगायचं होतं. पण त्याचे शब्द त्याने कधी गोळा केले नव्हते आणि आता ते शिकवणारं कुणी उरलं नव्हतं. म्हणून जे येत होतं ते तो बोलला. व्हिस्कीच्या जाळाने भुवया होरपळल्या ते सांगितलं. होझिया रागावला ते सांगितलं. मग लाकडांबद्दल बोलायला लागला. हिकरी यंदा जरा ओली येतेय, लाकूडवाल्याला बोलायला हवं, सुकी लाकडं वेगळी रचून ठेवायला हवीत. तिचा श्वास थांबला, आणि या वेळी सुरू झाला नाही. त्याला ते कळलं नाही. डार्नेटाने येऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवला तेव्हाही तो ओझेलाला लाकडांबद्दलच सांगत होता.