एका गाठीचा लाल

कमळामावशी दुकानात आली की रंगाचं नाव कधी घेत नसे. पदराची गाठ सोडून एखादी वस्तू काउंटरच्या काचेवर ठेवायची आणि म्हणायची, "हे दे." कधी तुरीची वाळकी शेंग, कधी विटेचा तुकडा, कधी संत्र्याची साल. एकदा तिनं पिशवीतून कोंबडीचं जिवंत पिल्लू काढलं. पिल्लानं ब्लाउजपीसच्या गठ्ठ्यावर घाण केली, तरी मावशी शांत. म्हणाली, "याच्या पोटाखालचा पाह्यजे. पाठीचा नोको, पाठीचा हाय माह्याजवळ."

ती वस्तू घेऊन मी आतल्या बाजूला बसलेल्या वंदनाकडे, म्हणजे माझ्या बायकोकडे द्यायचो. वंदना दोऱ्यांच्या छटांचं शेडकार्ड काढायची, वस्तू त्यावर फिरवायची, मला नंबर सांगायची. मग मी त्या नंबरची रेशमाची लडी रुबाबात काचेवर ठेवायचो. गिऱ्हाइकांना वाटायचं, मालक मोठा आहे, हलकी कामं बायकोकडे देतो. खरी गोष्ट अशी की मला लाल आणि हिरवा वेगळे ओळखता येत नाहीत. जन्मापासून येत नाहीत. यवतमाळच्या बाजारात माझ्या वडिलांनी मॅचिंग सेंटर काढलं, साड्यांना फॉल, अस्तर, ब्लाउजपीस जुळवून देण्याचं, आणि त्यांच्या एकुलत्या एका पोराला रंग कळत नव्हते. वडिलांना हे कळलं तेव्हा ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, हे कोणाजवळ बोलू नको. मी बोललो नाही. लग्नानंतर वंदनाला सांगावं लागलं, तेवढंच.

मावशी बंजारा. माहेर दारव्ह्याकडच्या एका तांड्यातलं. अंगणवाडीत नोकरी करून निवृत्त झाली होती, नवरा गेलेला, मूलबाळ नाही. दुकानामागच्या गल्लीत एका खोलीत राहायची आणि दिवसभर दुसुती कापडावर फुल्या भरायची. आडवातिडवा टाका घालून केलेली बारीक फुली, एकीला लागून दुसरी, आणि त्यातून चित्र. शहरातल्या बायका क्रॉस स्टिच म्हणतात. मावशी नुसतं "फुली" म्हणायची. अंगणवाडीच्या हजेरीत तिनं आयुष्यभर फुल्या मारल्या होत्या, त्यावरून तिचा एक ठरलेला विनोद होता. "तिथं फुली मारली का पोरगं गैरहजर. इथं फुली मारली का पोरगं हजर."

माझ्याकडे नमुन्यांची पुस्तकं विकायला असत. गुलाब, बदकांची जोडी, टोपलीतलं मांजर. मावशीनं एक पुस्तक चाळलं आणि परत ठेवलं. "हे बदक कोनी पाह्यलं यवतमाळात?" ती तिचे नमुने स्वतः काढायची, पोरांच्या ग्राफ पेपरवर, पेन्सिलीनं. प्रत्येक रंगाला तिची खूण होती, ठिपका, रेघ, पोकळ गोळा. तिच्या नमुन्यात एसटी स्टँडच्या बाकावर झोपलेला माणूस असायचा, टँकरपुढे लावलेले हंडे असायचे, कापसाच्या ढिगावर बसून चहा पिणारा हमाल असायचा. मी एकदा विचारलं की हंड्याचा गोल तुम्ही चौकटीत कसा बसवता. ती म्हणाली, "गोल नसतेच, बापा. पायऱ्या असते. दुरून पाह्यनाऱ्यालेच गोल दिसते."

लोक तिला बंजारा भरतकाम करायला सांगत, आरसे-कवड्यांचं. त्याला मागणी आहे म्हणत. ती म्हणायची, ते माह्या याडीचं काम, तिले येत होतं. याडी म्हणजे आई. आई गेली तेव्हा मावशी फार लहान होती. आईचा फोटो नव्हता, कोणी कधी काढलाच नव्हता.

साखरेच्या आजारानं मावशीच्या डोळ्यांचा पडदा खराब होत गेला. नागपूरला जाऊन डोळ्यात सुया टोचून घेतल्या, उपयोग झाला नाही. डॉक्टरनं जे काही बघायचं असेल ते बघून घ्या अशा अर्थाचं बोलून टाकलं, आणि मावशी बसनं परत आली ती सरळ दुकानात. ग्राफ पेपर मागितला. आता याडी काढतो म्हणाली. मी विचारलं, चेहरा आठवतो का. तिनं मान हलवली.

"तोंड नाही आठवत. ते पुढं चालायची डोक्शावर पानी घेऊन, मी सदा मांगं. मले तिचा फेटियाच आठवते."

फेटिया म्हणजे बंजारा बायकांचा घेरदार लाल घागरा, आरसे लावलेला. मावशीनं नमुना काढला तो पाठमोऱ्या बाईचा. वर दोन घागरी, मधे पाठ, आणि बाकी सगळा कागद व्यापून फेटिया. आरशांच्या जागी तिनं खूणच केली नव्हती. मला वाटलं विसरली. ती म्हणाली, "आरसा भरायचा नसते, सोडायचा असते. कापड कोरं राह्यलं का उजेड आपसूक येऊन बसते."

लालाबद्दल मात्र तिचं समाधान होईना. फेटियाचा लाल एक नव्हता. उन्हानं विटलेला, पाण्यानं भिजलेला, घडीत राहून ताजा राहिलेला, असे सगळे लाल तिला हवे होते, आणि ते तिनं वर्षानुवर्षं एका बिस्किटाच्या डब्यात साठवले होते. त्याच डब्यात झाडांसाठी घेतलेले हिरवे आणि थोडे काळेही होते. लड्यांवरच्या नंबराच्या चिठ्ठ्या कधीच्या गळून गेलेल्या.

दिवाळीच्या आधीची गर्दी होती. वंदना मुलीच्या बाळंतपणाला नागपूरला गेली होती, म्हणून मी गिऱ्हाइकांसमोर गठ्ठे टाकून त्यांनाच निवडू द्यायचो. मावशी भिंतीचा आधार घेत दुकानात आली आणि डबा काचेवर उपडा केला. तिला आता सगळंच कोळशासारखं दिसत होतं. कापडाची भोकं बोटाला लागतात, फुली घालता येते, पण रंग कळत नाही. म्हणून लड्यांना गाठी मारून दे म्हणाली. लालाला एक, हिरव्याला दोन, काळ्याला तीन.

काउंटरला दोन बायका फॉल बघत उभ्या होत्या. त्यांतली एक दुसरीला नुकतीच सांगत होती की यांच्याकडचं मॅचिंग कधी चुकत नाही. मी लड्यांकडे पाहिलं. काळ्या ओळखू आल्या. बाकीचा ढीग मला मातकट दिसत होता, कुठे फिका, कुठे गडद. त्या बायकांना विचारायला एक वाक्य पुरलं असतं. मॅचिंग सेंटरचा मालक कोणत्या तोंडानं विचारणार की ताई, यातला लाल कोणता? मी लड्या उजेडाला धरल्या, जाणकारासारखे डोळे बारीक केले, आणि गाठी मारत सुटलो.

"गाठी घट्ट मारजो," मावशी म्हणाली. "आता तुह्याच डोळ्यानं भरतो मी."

उद्या सांगू, असं मी तेव्हाच ठरवलं होतं. दुसऱ्या दिवशी तिच्या दारावरून गेलो तर ती उंबऱ्यात बसून फेटिया भरायला लागली होती. कापड नाकाशी, बोटांनी भोक चाचपत सुई घालायची. मी थांबून पाहिलं. तिथं काय बिघडलंय ते मला कळेना. चूक झाली की नाही, हेसुद्धा मला दिसत नव्हतं, आणि मी त्याचा आधार घेतला. नसेल झाली, असं म्हणत दिवस काढले. गल्लीतले लोक जाता-येता पाहत असतील, कोणी काही बोललं नाही. आंधळ्या बाईला काय सांगायचं, असं त्यांना वाटलं असेल, किंवा तिचं काहीतरी वेगळं चाललंय असं.

वंदना परत आली ती नातीचे पेढे घेऊन मावशीकडे गेली. आल्यावर बराच वेळ स्वयंपाकघरातच होती. मग बाहेर येऊन म्हणाली, "अहो, त्या फेटियावर शेवाळ चढलंय."

मी तिला सगळं सांगितलं. आणि मग असं एक बोललो, ज्याची मला आजही सर्वांत जास्त लाज वाटते. म्हणालो, तू कापड दुरुस्त करून देते म्हणून घरी आण, हिरवं उसवून लाल भरून टाक, तिला कळणार नाही. वंदनानं माझ्याकडे पाहिलं. "तिचं काम मी चोरून उसवणार नाही. तुम्ही जाऊन सांगा." मी हो म्हणालो आणि गेलो नाही.

सांगितलं शेवटी मावशीच्या शेजारणीनं, सकीनाबीनं, तेही मस्करीत. "कमळाबाई, तुमारी याडी के घागरे पे झाडी काहून उगी?" मावशीनं तिला जवळ बसवून तिचं बोट धरलं आणि कापडावरून फिरवत एकेक जागा विचारून घेतली. मग मला बोलावणं आलं.

ती कापड मांडीवर घेऊन बसली होती. डोळे उघडे होते पण माझ्या थोडे बाजूला लागलेले.

"हे वंदनानं केलं का तू?"

"मी."

"मुद्दाम?"

"नाही मावशी. मले लाल-हिरवा दिसत नाही. लहानपनापासून."

ती थोडं हसली. "अन् मॅचिंग सेंटर चालवते." हसू लगेच गेलं. मला वाटलं ती ओरडेल. ती हळूच बोलत राहिली.

"मी अंधी झाली हे मी साऱ्या गल्लीले सांगत फिरली, सुधाकर. तुले कायची लाज होती? त्या दिवशी सांगतलं असतं तं आपन दोघांनी मिळून तिसऱ्याले विचारलं असतं." कापडावर हात फिरवत ती थांबली. "तिचं तोंड नव्हतंच माह्याजवळ. एक फेटिया होता."

मी माफी मागितली. तिनं उशाजवळून लहान कात्री काढून माझ्यासमोर धरली. "उसव."

मी म्हणालो, मला कोणता टाका उसवायचा ते दिसणार नाही. ती म्हणाली, "विचार."

तेव्हापासून दुकान उघडण्याआधी मी मावशीच्या उंबऱ्यात बसायचो आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायचो. पहिल्यांदा विचारलं दूधवाल्याला. त्याला वाटलं मी थट्टा करतोय. मग त्याला खरंच वाटायला लागलं की मला काहीतरी झालंय, आणि तो दुधाचा कॅन खाली ठेवून वाकला. "भाऊ, हा लाल हाय. त्याच्या बाजूचा हिरवा." मी हिरवा उसवला. डब्यातल्या लड्या वंदनानं पुन्हा निवडून दिल्या होत्या, तरी दोरा हातात देताना मावशीचा प्रश्न ठरलेला असायचा. "कोनाले विचारलं?" नाव सांगितल्याशिवाय ती दोरा सुईत ओवत नसे. वंदनाचं नाव रोज चालत नसे. "ते तुही बायको हाय. दुसऱ्याले विचार."

गोष्ट बाजारात पसरायला वेळ लागला नाही. काही जुनी गिऱ्हाइकं तुटली. चौकातले ऑटोवाले ओरडायचे, सुधाकरभाऊ, सिग्नल आमाले विचारून ओलांडजा. मावशी मात्र माझ्याशी पूर्वीसारखी बोलली नाही. चहा द्यायची, काम सांगायची. तिनं मला माफ केलं असं मी लिहिलं असतं तर हे लिहिणं सोपं गेलं असतं. तसं काही ती म्हणाली नाही. रिकाम्या झालेल्या भोकांत बोटांनी वाट शोधत ती नवी फुली घालत राहायची, आणि चुकलं तर स्वतःच उसवून पुन्हा घालायची.

वरपासून खाली असं ते काम चाललं होतं. मी उसवण्यात तिच्या पुढे गेलो होतो, खालच्या काठापर्यंत. मग तिच्या पायाला जखम झाली आणि ती चिघळली. भावाचा मुलगा येऊन तिला तांड्यावर घेऊन गेला. गाडीत बसवताना मी तिचा हात धरला होता. बसल्यावर तिनं तो सोडवून घेतला आणि मांडीवरची कापडाची गुंडाळी नीट केली. उन्हाळा संपायच्या आत ती गेली. मला कळलं तेव्हा सगळं उरकलं होतं.

नंतर तो भाचा दुकानात आला. ती गुंडाळी काचेवर ठेवली, मावशी वस्तू ठेवायची तिथंच. म्हणाला, "आत्यानं तुमाले द्याले सांगतलं. खाली राह्यलं ते भरू नका म्हने."

वंदनानं फ्रेम करून आणली. काउंटरच्या वर लावली आहे. डोक्यावर घागरी घेतलेली बाई पाठमोरी चालली आहे. मला तिचा फेटिया मातकट दिसतो. वंदना सांगते की त्यात निदान पाच-सहा तऱ्हेचे लाल आहेत आणि वरचा भाग ऊन पडल्यासारखा दिसतो. खालचा काठ अर्धाअधिक कोरा आहे, त्यामुळे ती बाई जमिनीला न टेकता चालल्यासारखी वाटते.

बायका फॉल घ्यायला येतात, वर बघतात आणि कौतुक करतात. खालचा केवढा मोठा आरसा केलाय, असं म्हणतात. मी त्यांना सांगतो की आरसे वरचे, ते लहान चौकोन. खालचा आरसा नाही. तिथले टाके मी उसवले, आणि भरणारं माणूस राहिलं नाही. मग त्यांनी पुढे केलेली साडी हातात घेतो आणि विचारतो, ताई, हा रंग कोणता?