पाव्हण्यांची टोपली

इस्लापूरच्या आठवडी बाजारात एक म्हातारी खेकडे विकायला बसायची. मी किनवटच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो. झिंगे-खेकड्यांच्या जाती सांगायला मला फळाभर नावं लागतात. तिचं वर्गीकरण दोन टोपल्यांत संपायचं. एकीत ‘घरचे’, म्हणजे आईच्या पोटाखाली वाढून त्याच डोहात मरणारे खेकडे. दुसरीत ‘पाव्हणे’, म्हणजे पुराच्या पाण्यात नदीच्या खालच्या अंगाकडून चढून येणारे झिंगे.

खाली बंधारा झाला आणि पाव्हणे यायचे थांबले. तरी ती दुसरी टोपली आणायचीच. खेकडा उचलला की आधी उलटा करून बघायची. पोटाखाली पिलं दिसली की ती मादी ओल्या पाल्यात गुंडाळून रिकाम्या टोपलीत ठेवायची आणि बाजार उठल्यावर नदीत सोडायची. गिऱ्हाइकानं कितीही हट्ट धरला तरी, "लेकुरवाळी विकत न्हाई," एवढंच म्हणायची.

यंदा उन्हाळ्यात गेलो, तर समोर एकच टोपली. तिनं एक मादी उलटी केली. पोटाखाली मोहरीएवढी पिलं वळवळत होती. तिनं कटकन नांग्या मोडल्या आणि मादी गिऱ्हाइकाच्या पिशवीत टाकली.

"मावशी, लेकुरवाळी होती ना ती?"

"हाव सर, बघितलं की."

"मग?"

"डोहात पाणी न्हाई. सोडू कुठं?"

"आणि पाव्हण्यांची टोपली?"

"चुलीत घातली," ती म्हणाली, आणि पुढचा खेकडा सवयीनं उलटा करून बघू लागली.