दूध बोलीत नव्हतं

लहान मुलांच्या खेळात मोठ्यांनी कसं वागावं, याबद्दल माझी मतं ठाम आहेत आणि ती बदलायचं आता माझं वय नाही. मूल मातीची भाकरी घेऊन आलं तर एक तर ती नीट बसून खावी, नाही तर भूक नाही म्हणून सांगावं. "अरे वा, छान छान" म्हणून पुन्हा आपल्या कामात तोंड घालणारी माणसं मला मुळीच आवडत नाहीत. माझ्या आईबाबांनी तसं कधी केलं नाही. केलं असतं तर मी दुसऱ्याच घरची लेक झाले असते.

आमचं गाव वऱ्हाडात, रिठदच्या बाजूला. स्वराज्य येऊन चार-पाच वर्षं झाली असतील. आम्ही चौघी बहिणी, त्यात मी धाकटी. बेताची शेती, एक बैलजोडी आणि एक सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला गडी. ही बोली पाडव्याला व्हायची. ओसरीवर बाबा आणि गडी समोरासमोर बसायचे. ज्वारी, घोंगडी, वाहाणा, पोळ्याचं धोतर, सगळं तोंडी ठरायचं. पक्कं झालं की बाबा अडकित्त्यानं सुपारी फोडायचे, अर्धी त्याच्या हातावर ठेवायचे आणि अर्धी स्वतः तोंडात टाकायचे. मग पुढच्या पाडव्यापर्यंत मालकानं गड्याला काढायचं नाही आणि गड्यानं काम सोडायचं नाही. दुसऱ्याचा सालदार मधेच फोडून नेणाऱ्याला तर गावात कुणी उभं करत नसे.

त्या पाडव्याला आमच्या म्हाताऱ्या सालदाराची बोली झाली, तो उठला, आणि त्याच्या जागेवर मी जाऊन बसले. मांडी घालून, अगदी त्याच्यासारखी.

"मले भी ठेवा," मी म्हटलं.

बहिणी फिदीफिदी हसल्या. बाबा हसले नाहीत. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत नीट पाहिलं.

"काम काय येते तुले?"

"पाखरं हाकलतो. वासराले पानी पाजतो. कोंबड्या कोंडतो."

"नागा करशीन काय, कामाले दांडी?"

"ताप आला तरच."

बाबांनी जरा विचार केला. मग एक वाहाणांची जोडी, एक लहान घोंगडी आणि पोळ्याला परकर अशी बोली झाली. मी रोजचा गुळाचा खडाही मागितला, तो बाबांनी घासाघीस करून निम्मा केला. अडकित्ता वाजला. माझ्या हातावर अर्धी सुपारी आली. आई दारातून म्हणाली, "पोरीले सुपारी देऊन राह्यले, दात पडतीन तिचे!" पण दुसऱ्या दिवशी सकाळी तिनंच फडक्यात भाकरी आणि तिखटाचा गोळा बांधून माझ्यापुढं ठेवला, सालदारापुढं ठेवायची तसाच.

वर्षभर खेळ चालला. बाबा त्यात मवाळ होते, आई खट होती. संध्याकाळी बहिणींना दूध मिळायचं. मी पेला पुढं केला की ती विचारायची, "तुमाले कायचं दूध? बोलीत होतं काय?" बोली मीच केली होती, दूध मागायचं माझ्याच डोक्यात आलं नव्हतं. मग मी फणकाऱ्यानं वासराचं भांडं उचलून बाहेर जायची. निजण्याआधी आई कधी तरी मुकाट्यानं पेला माझ्याजवळ सरकवायची, पण तोंडानं कबूल करायची नाही. मला तिचा राग यायचा आणि तिच्यावाचून करमायचंही नाही.

ज्वारी हुरड्यात आली तेव्हा वाशीमहून आत्या आली. बाबांची थोरली बहीण. आजी लवकर गेली, तेव्हा बाबांना हिनंच वाढवलं होतं. तिला मूल नव्हतं. बैलांच्या दमणीतून उतरली तेव्हा तिच्या हातात पेढ्यांचा पुडा होता, आणि तो तिनं सगळ्यांना सोडून माझ्या हातात दिला. तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

जेवणं झाल्यावर ती बाबांना म्हणाली, "भाऊ, म्यां तुह्याजवळ कधी काही मांगतलं काय? चौघी हायेत तुह्या. लहानी मले दे. शाळेत घालतो, लेकीसारखी ठेवतो."

बाबांची मान खाली गेली. चुलीजवळ आईचा हात थांबला. बहिणीला नाही म्हणणं बाबांना जमणार नव्हतं, हे मला त्या वयातही कळलं. मला कुणी विचारत नव्हतं. मी संतापले. मी सालदार होते की नव्हते?

"मले येता येत नाही," मी म्हटलं. "माहं साल पाडव्याले सरते."

"कायचं साल व?" आत्यानं विचारलं.

बाबांनी मान वर केली. त्यांच्या तोंडावर काय होतं ते मी जन्मभर विसरणार नाही. ते जरासुद्धा हसत नव्हते.

"खरं हाय, बाई," ते म्हणाले. "म्यां तिले सुपारी देल्ली हाय. ते सालानं हाय माह्याकडं. अन् तू माह्या सालदाराले फोडून राह्यली."

आत्या कास्तकाराची, शेतकऱ्याघरची लेक. तिनं बाबांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. ही थट्टा आहे म्हणून ती उडवून लावू शकली असती. पण तीही याच घरात वाढलेली होती. तिनं पदर नीट केला आणि म्हणाली, "बरं बाप्पा. पाडव्याले येतो. त्या दिवशी तर पोरगी मोकळी राहीन ना?"

"त्या दिवशी मोकळी," बाबा म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

त्यानंतर घराचं काही तरी बिनसलं. आई मला न मागता दूध द्यायला लागली. बोलीचं नाव नाही, थट्टा नाही, पेला भरून समोर. त्या दुधाचीच मला भीती वाटायची. परक्या गावी जाणाऱ्या माणसाला घालतात तसं ती मला खाऊ घालत होती.

पाडवा आला. आत्याही आली. आधी म्हाताऱ्या सालदाराची बोली झाली. मग मी बसले. बाबांनी माझा हिशेब चुकता केला: नव्या करकरीत वाहाणा, काळी घोंगडी. परकर पोळ्यालाच मिळाला होता. झालं, मी मोकळी.

आत्यानं आपली बोली मांडली. रेशमी परकर, शाळा, चांदीचे वाळे, रोज साय घातलेलं दूध. बोली दणदणीत होती, आजही मी तेच म्हणेन. आता बाबांनी आपली मांडायची. पण ते अडकित्त्याकडे पाहत राहिले. वर्षभर खेळ निभावणाऱ्या माझ्या बापाला त्या दिवशी खेळता येईना. पोरीला स्वतःच्याच घरात राहायचं काय द्यावं, हे त्यांना सुचेना.

बायका सालदाराच्या बोलीत बोलत नसत. पण आई दारातून बाहेर आली, डोक्यावरचा पदर सावरला आणि ओसरीच्या खांबाशी उभी राहिली.

"यंदा दूध भी बोलीत धरा," ती म्हणाली. आवाज तिचा वाटत नव्हता. "सकाळ-संध्याकाळ."

मी तिच्याकडे पाहिलंच नाही. पाहिलं असतं तर रडले असते, आणि सालदार रडत नाही. मी बाबांपुढं हात पसरला. अडकित्ता दोनदा निसटला, मग सुपारी फुटली.

बाबांच्या हातातली दुसरी अर्धी सुपारी घेऊन आत्यानं, बोली मान्य केल्यासारखी, स्वतःच्या तोंडात टाकली. "बोली माहीच मोठी होती," म्हणाली, आणि डोळे पुसत हसली. पुढं शाळेसाठी मी तिच्याचकडे राहिले, पण ते मी माझ्या मनानं आणि माझ्या बोलीवर. तिनंही ती पाळली.

त्या पाडव्याच्या संध्याकाळी मी नव्या वाहाणा घालून चुलीपाशी गेले आणि पेला पुढं केला. आईनं तो काठोकाठ भरला.

"बोलीत हाय," मी म्हटलं.

"हाय ना माय," आई म्हणाली, आणि माझा पेला धरलेला हात तिनं किती तरी वेळ सोडला नाही.