बियाण्याच्या कणगीतलं पाखरू

स्वातंत्र्य मिळून दोन-चार वर्षं झाली असतील. बाबा पौषात गेले. त्यानंतरच्या अक्षय्य तृतीयेला आईने वसईच्या आमच्या घराच्या पडवीत त्यांच्या नावाने पाण्याची घागर ठेवली, वर आंबा ठेवला. तेवढ्यात घागरीच्या काठावर भाताच्या दाण्याएवढं, तुसाच्या रंगाचं एक पाखरू येऊन बसलं. मी हात उगारला, तो आईने वरच्यावर धरला.

"मारू नकोस. ते आलेत."

मी अकरा वर्षांची होते आणि तोंडाळ. बाबांना पाखरू म्हणणं मला मुळीच पटलं नाही. पण आई कित्येक दिवसांनी हसली होती, म्हणून गप्प बसले. पुढे रोज दोन-चार, मग दहा-बारा पाखरं दिसू लागली. आई केरसुणीसुद्धा जपून फिरवी. एकटे बाबा इतके कसे, हे अगदी माझ्या ओठांवर येई.

शेजारच्या वाडीतली किरिस्ताव म्हातारी एके सकाळी केळीची पानं मागायला आली. तिने भिंतीवरचं पाखरू चिमटीत धरलं, उजेडात नेऊन निरखलं आणि थेट बियाण्याच्या कणगीशी गेली. कणगीचं तोंड बाबांनी स्वतः शेणाने लिंपलं होतं. त्यांचा हात लागलेला म्हणून आईने बियाण्याला ऊन दाखवायलाही ते उघडलं नव्हतं. लिंपण तडकलं होतं. म्हातारीने फटीतून चार दाणे काढले. प्रत्येकाला बारीक भोक, आत नुसतं पीठ.

बाबांनी लोंबी लोंबी निवडून राखलेलं बियाणं, आणि पेरणी महिन्यावर आलेली. आई ते दाणे तळहातावर घेऊन कणगीशी बसली. म्हातारी तिच्याजवळ टेकली.

"वयनी, भाऊ सांगायलाच आले ते. उघड म्हनून."

आईने डोळे पुसले आणि स्वतःच्या हाताने लिंपण फोडलं.

दिवसभर आम्ही तिघी भात पाण्यात टाकून वर तरंगणारे पोकळ दाणे काढत होतो. निम्मं वाचलं. ते उन्हात पसरलं.

संध्याकाळी म्हातारीला कुंपणापर्यंत पोचवताना मी विचारलं, "खरंच बाबा होते?"

"भाताचं पाखरू ते. दान्यातच वाढते," ती म्हणाली. "आयला नको सांगू."

त्या पावसात लावणी करताना आई म्हणाली, "बघ, ह्यांचंच भात." मी हो म्हटलं. म्हातारीचे उपकार तेव्हा मला नीट कळले.