चुलीवर वाकवलेली पाईप

नव्वदच्या दशकात आमचा एक ट्रक होता. कोल्हापुरातून गूळ घेऊन राधानगरीमार्गे कोकणात उतरायचा आणि येताना जांभ्या दगडाचे चिरे भरून घाट चढायचा. चढताना त्याला धाप लागायची. मी डिप्लोमा अर्धवट सोडलेला, त्यामुळे आत्मविश्वास पुरेपूर. इंजिनाला थंड हवा मिळाली की ताकद वाढते, असं कुठल्याशा मासिकात वाचलं. आमचा ट्रक तर बॉनेटखालची तापलेलीच हवा ओढायचा. मग ठरवलं, समोरच्या जाळीपासून एअर फिल्टरपर्यंत नळी टाकायची. प्रश्न एवढाच, कशाची?

आठवडाभर मला दुसरं काही सुचत नव्हतं. तांब्याच्या बंबाच्या मधल्या नळीकडे बघत उभा राहिलो, तर आईने घाईघाईने बंब पेटवला. शेतातली मऊ काळी पाईप लावून पाहिली. इंजिनाने हवा ओढली की ती पोट आत घ्यायची. फौंड्रीतला मित्र म्हणाला, "बिडाची ओतून देतो की! वजनानंच गाडी घाट उतरंल, डिझेल न्हाय लागायचं." मंगळवार पेठेतला पत्रेवाला चार दिवस मागत होता आणि मला धीर नव्हता.

शेवटी सापडली नळाच्या कामातून उरलेली पीव्हीसीची करडी पाईप. चुलीवर धरली की मऊ व्हायची, हवी तशी वळायची, गार झाली की पुन्हा टणक. मी प्रेमातच पडलो.

वडिलांच्या पहिल्या गाडीपासून आमच्याकडे असलेल्या ड्रायव्हरना आम्ही चाचा म्हणायचो. त्यांनी पाईप अंगठ्याने दाबून बघितली.

"चुलीवर वाकवली न्हवं?"

"व्हय."

"मग इंजनापाशी ती काय नवस बोलून सरळ ऱ्हाणार हाय? पत्र्याची करा की."

मी हसलो. वडील कुरुंदवाडला लग्नाला गेले होते. ते यायच्या आत मी पाईप बसवली आणि चाचांच्या शेजारी चढलो.

उतरताना गाडी अशी पळाली की मी स्वतःचीच पाठ थोपटली. परतीला, भरल्या चिऱ्यांनिशी तिसऱ्या वळणावर तिने काळा धूर ओकला आणि ती गुदमरली. मागे एसटी, तिच्या खिडक्यांतून आरडाओरडा. चाचांनी अर्ध्या क्लचवर तिला कशीबशी कडेला घेतली. क्लचप्लेटचा जळका वास आला. बॉनेट उघडलं तर माझी पाईप चिपाडासारखी चपटी. मी ती उपसून दरीत फेकली.

घरी वडिलांनी विचारलं, "क्लचप्लेट जाळली? तुमच्या हातनं, चाचा?"

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. मी बोलावं म्हणून ते बराच वेळ थांबले. मी चपलेचा अंगठा बघत बसलो.

"वय झालं आता," वडील म्हणाले. "घाट नको. गावातच वाळू टाका."

"बरं," चाचा म्हणाले.

पंधरा दिवस त्यांनी वाळू टाकली. एकदा ट्रकस्टँडवरून जाताना त्यांच्या निम्म्या वयाचा एक ड्रायव्हर ओरडताना ऐकला, "चाचा, क्लचचा पाय दुखतोय काय? दाबून देऊ?" सगळे हसले. चाचाही हसल्यासारखं करत होते. ते मला बघवेना. घरी येऊन वडील जेवत असतानाच सगळं सांगून टाकलं.

त्यांनी घास खाली ठेवला. "मला सांगून काय उपयोग? जिथं सगळे हसले तिथं जाऊन सांग."

गेलो. सगळ्यांसमोर मोठ्याने सांगितलं, पाईप माझी, चूक माझी, गप्प बसलो तोही मीच. स्टँड खदखदलं. "पुढच्या टायमाला मेणाची बसीव रं, डिप्लोमा!"

एकटे चाचा हसले नाहीत. "पंधरा दिस लागलं व्हय, धाकलं मालक? भरली गाडी घिऊन मी घाट एका दुपारात चढतोय."

चार दिवसांनी ते घाटाला निघाले. पत्र्याची नळी त्यांनी स्वतः उभं राहून करून घेतली होती. मी नेहमीसारखा पायरीवर पाय ठेवला.

"आज न्हाय," ते म्हणाले आणि आतून हात लांबवून त्यांनी दार लावून घेतलं.