ढगांतून उतरणारा देव

वडगाव निंबाळकरला माहेरी होते. शेजारच्या एसटीडी बूथवर फोन आला, आबा गेले. आबा म्हणजे माझे सासरे. तशीच निघाले. इंदापूरच्या स्टँडवर बावड्याची गाडी धरली, तर मागच्या बाकावर दोघं बोलत होते. "बावड्याचा राक्षस गेला म्हनं." "कोन, त्यो सिनेमातला? लई थापा मारायचा." मी वळून एवढंच म्हणाले, "मी त्यांची सून हाय." बावडा येईस्तोवर दोघं खिडकीबाहेर बघत बसले. बरं झालं.

आबा तरणे होते तेव्हा एक सिनेमा कंपनी भीमेच्या काठी मूकपट काढायला उतरली होती. देव-राक्षसांचं युद्ध, उडणारे रथ, असलं सगळं. आमची माणसं तेव्हा मेंढरं राखायची, उन्हानं रापलेली. कंपनीवाल्यानं आमच्या मेंढरांच्या वाड्यावर येऊन नुसतं बोट दाखवलं, हा राक्षस, हाही राक्षस... अख्खा वाडा राक्षस झाला. देव सगळे गोरे. देवीसुद्धा मिशी काढलेला गोरा पोरगाच. बाई चालत नव्हती, काळा माणूस तर त्याहून नाही. मुख्य देव झाले इंदापूरचे थोरले मालक, आणि आबांना शिंगं लावली. पडद्यावर बोलणं नव्हतंच. आमच्या माणसांनी तोंड वेंगाडायचं आणि मरायचं. "इठोबा काळाच हाय की गं," आबा म्हणायचे, "त्यो घावला असता तर त्याला बी शिंगंच लावली असती."

देव आभाळातनं उतरतो तो देखावा आला, आणि वडाच्या फांदीला बांधलेली तार बघून थोरल्या मालकांना घाम फुटला. चढेनात. मग आबांची शिंगं काढली, अंगभर सफेदा फासला, मुकुट घातला आणि तोंड पलीकडं वळवून त्यांना टांगलं. आबा हे आयुष्यभर सांगत राहिले आणि लोक आयुष्यभर हसत राहिले. थोरल्या मालकांचे चिरंजीव आता इंदापूरच्या कलामंडळाचे अध्यक्ष आहेत. गेल्या साली भर कार्यक्रमात ते माईकवरून म्हणाले, "आबा, वय झालं, आता तरी खोटं बोलू नका." त्या दिवसापासून आबांनी ती गोष्ट सोडली. एकदा मी त्यांच्या पायाला तेल चोळत होते तेव्हा आबा हळूच म्हणाले, "सूनबाय, तुला तरी खरं वाटतं का?" "वाटतं की आबा." "मग झालं." पण झालं नव्हतं. खोटारडा म्हणून मरायचं नव्हतं त्यांना, आणि तसेच मेले. हे मी विसरणार नाही.

तेराव्यानंतर मंडळानं शोकसभा ठेवली. अध्यक्ष म्हणाले, "आबांना रंग लावायची गरजच पडली नाही, रूप जन्मतःच तयार होतं." लोक हसले. शोकसभेत हसले हो... मग मंडळाच्या दर कार्यक्रमातल्या रीतीप्रमाणं मला फुलांचं ताट देऊन थोरल्या मालकांच्या फोटोपुढं उभं केलं. भिंतभर फोटो, त्याच मूकपटातला. ढगांतून उतरणारा पांढराफेक देव, तोंड पलीकडं, पाय पार कॅमेऱ्यापुढं. डाव्या पायाला करंगळीच्या बाहेर सहावं बोट, जरासं वर वळलेलं. ते बोट थंडीत ठणकायचं, म्हणून त्याला मी वर्षानुवर्षं हलक्या हातानं तेल लावलंय. थोरल्या मालकांचा अनवाणी पुतळा मंडळाच्या अंगणातच आहे. ज्याला शंका असेल त्यानं जाऊन बोटं मोजावीत.

मी त्या बोटावर फूल ठेवलं आणि डोकं टेकलं. "याला म्हणतात संस्कार," अध्यक्ष म्हणाले. तिथं बोलले असते, तर रात्रीत भिंत मोकळी झाली असती. आता हे पेपरात छापून आलंय, आता तालुका बघायला येईल.

तर अध्यक्षसाहेब, फोटोचं काय करायचं ते तुम्ही ठरवा. काढलात, तर लोक विचारतील का काढला. ठेवलात, तर उद्या सकाळी नेहमीसारखी उदबत्ती लावा, आणि आमच्या आबांच्या पाया पडा.