आईने सांगितलेली तारीख

"तारीख सांगा, बाई."

साक्षीच्या पिंजऱ्यात आई. समोर पोलिसांचे वकील. आईने नाचणीच्या लावणीवरून दिवस सांगितला, "नागलीची आवणी चालू होती. खोडाळ्याचे बाजाराचे दुसरे दिशी नेला त्याला."

"कॅलेंडर नाही घरात? का नागलीला विचारून सांगता?"

कोर्ट हसले. बाकावर बसलेले ते दोन हवालदारही हसले. माझ्या बाबांना शेतातून उचलून नेऊन मारणारे हेच दोघे. तिसऱ्या दिवशी बाबा गेले.

मी खाली पाहिले. पदवीधर मुलगी. मला लाज वाटली, आणि ती आईची वाटली. हे मी अजून स्वतःला माफ केलेले नाही.

नुकसानभरपाईचा दावा आम्हा दोघींचा होता. तो फेटाळला. आमचे वकील फाईल परत देत म्हणाले, "पोलिसांशी वाकडं घेऊन पोशेऱ्यासारख्या गावात राहणार कशा? सोडून द्या."

त्या पावसाळ्यात आईही गेली. शेवटपर्यंत विचारत होती, "मी चुकीचा सांगला काय गं?"

तिच्या दिवसकार्यानंतर मी निकालाची नक्कल काढली आणि वाचत बसले. एक ओळ पुन्हा पुन्हा वाचली : 'वादीस घटनेची तारीख सांगता आली नाही.' मग फाईलमधला दवाखान्याचा केसपेपर पाहिला. बाबांना मारले त्याच संध्याकाळचा. त्यावरची तारीख कॅलेंडरवर शोधली. खोडाळ्याच्या आठवडी बाजाराचा दुसरा दिवस. आवणीचाच आठवडा. हा कागद आमच्याच फाईलमध्ये होता. आईच्या बोलण्याशेजारी तो कुणी ठेवलाच नाही.

अपील मी हाताने लिहिले. मुदत संपायला सहा दिवस होते तेव्हा जिल्ह्याच्या कोर्टात गेले.

"वकील कोण?" कारकुनाने विचारले.

"मीच."

"तू? मोखाडा तालुक्यातली ना? तिकडे हल्ली सगळेच बॅरिस्टर झाले वाटतं." त्याने पान उलटले आणि पहिल्या मुद्द्यावर थांबला. "हे काय? 'वादीने तारीख सांगितली होती. खालच्या कोर्टाने ती समजून घेतली नाही.' न्यायाधीशांबद्दल असं लिहितात का? खोड ते."

त्याने पेन पुढे सरकवले.

मी ते उचलले नाही. "खोडणार नाही. आहे तसं घ्या. नाहीतर घेत नाही म्हणून लिहून द्या."

त्याने माझ्याकडे पाहिले. या वेळी मी खाली पाहिले नाही. शिक्का बसला.

सुनावणीला पोलिसांचे ते वकील असतील. ते दोन हवालदारही बाकावर असतील. मी उभी राहून आईची साक्ष वाचणार आहे, तिच्याच बोलीत, एक अक्षर न बदलता. मग केसपेपर. मग कॅलेंडर.

आणि कोर्ट हसले, तर ते थांबेपर्यंत उभी राहीन. मग पुन्हा पहिल्यापासून वाचीन.